तीन गुणांनी हुकलेली हॅझर्ड परसेप्शन: ब्रिटनच्या थिअरी टेस्टचं एक प्रकरण

परीक्षा केंद्रात हाती पडलेल्या कागदावर दोन आकडे होते. बहुपर्यायी प्रश्नांत 50 पैकी 48, हॅझर्ड परसेप्शनमध्ये, म्हणजे रस्त्यावरचा धोका वेळीच ओळखण्याच्या भागात, 75 पैकी 41. पहिल्या भागात पास व्हायला 43 लागतात, दुसऱ्यात 44. दोन्ही भाग एकाच बैठकीत पास व्हावे लागत असल्याने 48 गुणही वाया गेले. पुन्हा 23 पौंड भरायचे, पुन्हा तारीख घ्यायची आणि दोन्ही भाग पहिल्यापासून द्यायचे.

परीक्षार्थी 34 वर्षांच्या. पुण्यात तेरा वर्षं गाडी चालवलेली, आधी स्कूटर आणि नंतर कार. सिंहगड रस्त्यावरून स्वारगेटला रोज जा-ये, अपघात एकही नाही. नोकरीमुळे मुक्काम आता इंग्लंडमधल्या रेडिंगला. (प्रकरण नमुन्यादाखल रचलेलं आहे. व्यक्ती, तिचे गुण आणि वेळापत्रक कल्पित; परीक्षेचे नियम आणि गुण देण्याची रीत मात्र प्रत्यक्षातलीच.)

भारतीय लायसन्सवर ग्रेट ब्रिटनमध्ये रहिवासी झाल्यापासून बारा महिने गाडी चालवता येते. काही देशांचं लायसन्स तिथे थेट बदलून मिळतं, पण त्या देशांच्या यादीत भारत नाही. म्हणून बारा महिने संपण्याआधी प्रोव्हिजनल (शिकाऊ) लायसन्स, मग थिअरी टेस्ट, मग प्रत्यक्ष ड्रायव्हिंग टेस्ट, हा सगळा रस्ता नवशिक्याप्रमाणेच चालावा लागतो. मुदत उलटली की भारतीय लायसन्सवर गाडी चालवता येत नाही. मग प्रोव्हिजनलवर, गाडीला एल लावून, शेजारी किमान 21 वर्षांचा आणि लायसन्स मिळून तीन वर्षं झालेला चालक बसवून चालवावं लागतं. या परीक्षार्थीकडे पाच महिने उरले होते. घाबरून जावं इतका कमी वेळ नव्हता, पण असंच आणखी दोनदा झालं तर प्रत्यक्ष टेस्टची तारीख हातची गेली असती.

परीक्षा काय मोजते

थिअरी टेस्टचा कारभार डीव्हीएसए ही सरकारी संस्था पाहते. थिअरी टेस्ट 1996 मध्ये आली आणि हॅझर्ड परसेप्शनचा भाग 2002 मध्ये जोडला गेला. सुरुवातीला प्रत्यक्ष चित्रित केलेल्या फिती असत, 2015 पासून संगणकावर तयार केलेल्या क्लिप आहेत. 2018 मध्ये त्यात पाऊस, धुकं, बर्फ आणि अंधाराच्या क्लिपही आल्या.

कारच्या परीक्षेत 14 क्लिप असतात, प्रत्येक साधारण मिनिटभराची. दृश्य चालकाच्या नजरेतून दिसतं. 13 क्लिपमध्ये एकेक घडू लागलेला धोका असतो आणि एका क्लिपमध्ये दोन. दोन धोक्यांची क्लिप कोणती, ते आधी सांगत नाहीत. म्हणजे धोके पंधरा, प्रत्येकाला जास्तीत जास्त 5 गुण, एकूण 75. धोका दिसला की माउस क्लिक करायचा. पडद्यावर बाण कुठे आहे याला महत्त्व नाही, फक्त क्लिकची वेळ नोंदली जाते. क्लिप एकदाच दिसते, मागे नेता येत नाही.

सगळी परीक्षा फिरते ती ‘घडू लागलेला धोका’ या कल्पनेभोवती. ज्याच्यामुळे चालकाला काहीतरी करावं लागेल, म्हणजे वेग कमी करावा लागेल किंवा दिशा बदलावी लागेल, तो घडू लागलेला धोका. कडेला उभी असलेली गाडी हा संभाव्य धोका. तीच गाडी इंडिकेटर लावून निघू लागली की धोका घडू लागला. गुण या दुसऱ्या अवस्थेला आहेत.

प्रत्येक धोक्याला वेळेची एक खिडकी असते. धोका घडू लागतो तिथे ती उघडते, आणि प्रतिसाद द्यायला उशीर झाला असं मानलं जातं तिथे बंद होते. मधल्या वेळेचे पाच भाग: पहिल्यात क्लिक केला तर 5, पुढच्यात 4, असं 1 पर्यंत. खिडकीच्या आधीच्या आणि नंतरच्या क्लिकला शून्य. चुकीच्या जागी क्लिक केल्याबद्दल गुण कापले जात नाहीत. मात्र सतत किंवा ठेका धरून क्लिक केले, तर त्या क्लिपला सरसकट शून्य मिळतं.

41 कुठून आले

निकालाच्या कागदावर फक्त बेरीज असते. कोणत्या क्लिपला किती मिळाले ते कळत नाही, त्यामुळे नापास झालेला माणूस अंदाजाने कारण ठरवतो. या परीक्षार्थींचा अंदाज होता, “माझी रिअ‍ॅक्शन स्लो आहे.” नापास झाल्यावर बहुतेक जण हेच म्हणतात, आणि बहुतेक वेळा ते चुकीचं असतं.

म्हणून पहिलं काम ठरलं ते मोजणीचं. डीव्हीएसएच्या अधिकृत सराव साहित्यातल्या, आधी न पाहिलेल्या 14 क्लिप घेतल्या आणि काहीही न सुधारता, परीक्षेत केलं तसंच क्लिक करायला सांगितलं. सराव साहित्यात प्रत्येक क्लिपचे गुण वेगळे दिसतात आणि खिडकी कुठे होती तेही पाहता येतं. एकूण आले 38. पंधरा धोक्यांचे गुण असे: दोन वेळा 5, तीन वेळा 4, चार वेळा 3, दोन वेळा 2 आणि चार वेळा 0.

चार शून्यं. इथे थोडं थांबून आकडेमोड करायला हवी, कारण तयारीची दिशा तिच्यावरून ठरते. 44 ला पंधराने भागलं तर सरासरी तीनच्या किंचित खाली येते. म्हणजे प्रत्येक धोक्यावर मध्यम प्रतिसाद दिला तरी माणूस पास होतो. एक शून्य आलं तर उरलेल्या चौदांपैकी दोन ठिकाणी 4 हवेत. चार शून्यं आली तर उरलेल्या अकरा धोक्यांवर सरासरी बरोबर 4 लागते, आणि ती सराईतालाही जड जाते. या सरावात शून्यांच्या जागी फक्त 3-3 आले असते तरी बेरीज 50 झाली असती. हात वेगवान करून 3 चे 4 करण्यापेक्षा शून्यं काढणं सोपं होतं, आणि गुणही त्यातच जास्त होते.

शून्यांची कारणं एकेक पाहिली. पहिलं ठेक्याचं. दुकानांच्या गजबजलेल्या रस्त्याची क्लिप होती आणि त्यात परीक्षार्थींनी उभ्या गाड्या, बाबागाडी, बसथांबा, सिग्नल, कुत्रा घेऊन चाललेला माणूस या सगळ्यांवर क्लिक केले. मन लावून पाहत होत्या, प्रत्येक क्लिकमागे कारण होतं. पण क्लिक साधारण दीड-दीड सेकंदाने पडत गेले. यंत्रणेला कारणं दिसत नाहीत, ठेका दिसतो.

दुसरं आणि तिसरं शून्य घाईचं. एका क्लिपमध्ये उभ्या गाडीत माणूस बसलेला दिसताच एक क्लिक केला, आणि “हे झालं” म्हणून नजर पुढे नेली. खिडकी त्यानंतर दोन सेकंदांनी उघडली. दुसऱ्या क्लिपमध्ये गावाकडच्या रस्त्यावर वळणाची पाटी दिसताच क्लिक, आणि वळणाआडून खरोखर ट्रॅक्टर आला तेव्हा हात स्वस्थ. वाईट वाटावं अशी ही चूक आहे. धोका इतरांच्या आधी ओळखला आणि त्याबद्दल शून्य मिळालं.

चौथं शून्य दोन धोक्यांच्या क्लिपमधलं. पहिला सायकलस्वाराचा धोका नीट टिपला, 5 मिळाले. मग नजर सैलावली आणि दहा सेकंदांनी कडेच्या रस्त्यावरून निघालेली व्हॅन सुटली.

उशिराचे गुण, म्हणजे 2 आणि 3, मिळून सहा ठिकाणी होते. त्यांतल्या चारांत धोका पादचाऱ्याचा होता. हा योगायोग नव्हता.

पुण्याची नजर आणि रेडिंगचा रस्ता

गाडी दोन्हीकडे डावीकडूनच चालते, म्हणून आपल्याकडच्या चालकांना वाटतं की नवं शिकण्यासारखं फारसं नाही. खरा फरक आहे तो कशाला ‘काहीतरी करावं लागेल’ म्हणायचं, यात.

पुण्याच्या रस्त्यावर माणूस आडवा येत असेल तर मुरलेला चालक ब्रेक मारत नाही. तो त्या माणसाची चाल जोखतो, गाडी जराशी त्याच्या पाठीमागच्या बाजूला घेतो आणि निघून जातो. फार तर एक हॉर्न. माणसालाही ते ठाऊक असतं. दोघांचा न बोलता समझोता होतो आणि कोणी थांबत नाही. अशा हजारो प्रसंगांतून डोक्यात एक पट्टी बसते: माणूस गाडीच्या वाटेत येऊन थबकला तर धोका, एरवी नाही. नजर तेज असते, पण ‘आता कृती हवी’ ही घंटा उशिरा वाजते.

ब्रिटनमध्ये ती घंटा बरीच आधी वाजावी अशी अपेक्षा आहे. 29 जानेवारी 2022 पासून हायवे कोडमध्ये, म्हणजे तिथल्या रस्त्याच्या नियमांच्या पुस्तकात, रस्ता वापरणाऱ्यांची उतरंड स्पष्ट लिहिली आहे: ज्याच्या हातून जास्त इजा होऊ शकते त्याच्यावर जास्त जबाबदारी. चालक कडेच्या रस्त्याला वळत असेल, तर तिथे ओलांडणाऱ्यालाच काय, ओलांडायला थांबलेल्यालाही त्याने वाट द्यावी, असं त्यात आहे. झेब्रा क्रॉसिंगवर थांबलेल्यासाठीही तेच. सायकलवाल्याला ओलांडताना 30 मैल वेगापर्यंत किमान दीड मीटर अंतर, घोड्याला किमान दोन मीटर आणि वेग ताशी 10 मैलांच्या खाली. घोडा आपल्या शहरी चालकाच्या गणितातच नसतो. इंग्लंडच्या गावठी रस्त्यावर तो नेहमीचा आहे, आणि क्लिपमध्ये वळणापलीकडे घोडेस्वार दिसला की ती हमखास वेग कमी करण्याची जागा.

उलट, काही बाबतींत आपली घंटा गरजेपेक्षा लवकर वाजते. कडेच्या गल्लीतून गाडी आली की ती घुसणारच, असं आपण धरून चालतो, आणि आपल्याकडे ते बरोबरही असतं. ब्रिटनमध्ये कडेच्या रस्त्याच्या तोंडाशी तुटक दुहेरी रेघ असते आणि बहुतेक गाड्या तिथे थांबतात. म्हणून गाडी दिसताक्षणी केलेला क्लिक बहुधा वाया जातो. पाहायचं ते तिच्या चाकांकडे. रेघेजवळ येऊनही चाकं फिरत असतील, गाडीचं नाक रेघ ओलांडत असेल, तर तो क्षण क्लिकचा.

उशीर किती महाग पडतो हे आकड्यात कळलं की पटतं. ताशी 30 मैल म्हणजे सुमारे 48 किलोमीटर, सेकंदाला तेरा मीटरहून थोडं जास्त. हायवे कोडप्रमाणे या वेगाला थांबायला एकूण 23 मीटर लागतात: विचारात 9 आणि ब्रेकमध्ये 14. एक सेकंद उशीर झाला तर 23 ची जागा 36 मीटर घेतात, आणि 36 मीटर हे ताशी 40 मैलांचं थांबण्याचं अंतर आहे. म्हणजे 30 ने जाणारा पण सेकंदभर उशिरा पाहणारा चालक थांबायला 40 ने जाणाऱ्याइतकंच अंतर घेतो. खिडकीचे पाच भाग का केले आहेत, याचं याहून सरळ उत्तर नाही.

एक क्लिप, सेकंदा-सेकंदाने

तयारीतला सर्वांत उपयोगी भाग एकच क्लिप कुरवाळत पाहण्याचा ठरला. इथे समजावण्यासाठी एक साधी क्लिप धरू. सेकंद आणि खिडकी आपण मानलेली आहे, परीक्षेत प्रत्येक क्लिपची खिडकी वेगवेगळी असते.

घरांची रांग, निवांत रस्ता, डावीकडे सहा-सात गाड्या उभ्या. पहिले पंधरा सेकंद काहीच होत नाही. सतराव्या सेकंदाला चौथ्या, निळ्या गाडीच्या मागच्या काचेतून चालकाच्या जागी डोकं दिसतं. एकोणिसाव्याला तिचे ब्रेकचे लाल दिवे लागतात. गाडी अजून जागच्या जागी आहे, पण आत कोणीतरी पायाने काहीतरी केलं आहे. एकविसाव्याला उजवा इंडिकेटर. बाविसाव्याला पुढचं चाक उजवीकडे वळतं, डांबराकडे तोंड करतं. तेविसाव्याला गाडीचं नाक रांगेतून बाहेर येतं. पंचविसाव्याला आपली गाडी जोरात वेग कमी करते.

खिडकी 21 ते 26 धरली, तर प्रत्येक भाग एक सेकंदाचा. इंडिकेटर दिसताच 21.4 ला क्लिक केला तर 5. चाक वळल्यावर 22.4 ला केला तर 4. नाक बाहेर आल्यावर 23.5 ला, तर 3. ‘आता खरंच आडवी आली’ म्हणून 25.3 ला, तर 1. आणि ब्रेकचे दिवे दिसल्यावर 19.5 ला एकच क्लिक करून थांबलात, तर शून्य.

आता तीन क्लिकची रीत लावून पाहू. 19.5 ला शंकेचा क्लिक, 21.4 ला इंडिकेटरचा, 22.3 ला चाक वळल्याचा. पहिला वाया गेला, त्याने काही बिघडलं नाही. दुसऱ्याला 5 मिळाले. तिसरा विम्यासारखा: दुसरा चुकून खिडकीआधी पडला असता तर याने सांभाळलं असतं. खिडकीत पडलेला पहिला क्लिक गुण ठरवतो, नंतरचे क्लिक ते कमी करत नाहीत.

या तीन क्लिकमधलं अंतर बघा: जवळपास दोन सेकंद, मग एकाच्या आत. ते असमान आहे, कारण प्रत्येक क्लिक रस्त्यावरच्या एका बदलाला बांधलेला आहे. ‘क्लिक, एक, दोन, क्लिक’ असं मनात मोजून केलेले क्लिक धोकादायक, कारण ते हाताच्या तालावर चालतात. एका धोक्याला दोन ते तीन क्लिक पुरतात. क्लिपभरात पाच-सहाच्या पुढे जात असाल, तर संभाव्य धोक्यांवर क्लिकची उधळण होते आहे असं समजावं.

तीन आठवडे

नापास झाल्यावर किमान तीन कामाचे दिवस थांबावं लागतं. परीक्षार्थींनी पहिली मोकळी तारीख पाहून दुसऱ्याच आठवड्यातली घेण्याचं ठरवलं होतं. ती घेतली नाही हे बरं झालं, कारण सवय बदलायला दिवस लागतात. तारीख चोवीस दिवसांनंतरची घेतली.

पहिल्या आठवड्यात माउसला हात लावायचा नव्हता. फक्त बोलायचं, आणि मराठीत बोलायचं. क्लिप लावून मोठ्याने: “डावीकडे पांढरी व्हॅन, खाली पाय दिसतायत. कोणीतरी पलीकडून येईल. वेग कमी.” तीन गोष्टी ओळीने: काय दिसतंय, काय होऊ शकेल, मी काय करेन. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘काही नाही’ असेल तर धोका अजून संभाव्य आहे. उत्तर ‘पाय उचलेन’ असं झालं तो क्षण क्लिकचा. बोलायला मराठी निवडण्यामागे कारण आहे. इंग्रजी शब्द शोधताना अर्धा सेकंद जातो आणि तोंड डोळ्यांच्या मागे पडतं. या भागात वाचायचं-लिहायचं काही नसल्याने परीक्षेची भाषा आडवी येत नाही.

हाच सराव बसमध्येही केला. दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर सर्वांत पुढची जागा धरली तर रस्ता लांबपर्यंत दिसतो. ऑफिसच्या वाटेवरची वीस मिनिटं रोज मनातल्या मनात बोलायची, आणि बसचालक वेग कमी करायच्या आधी आपण कारण सांगितलं का, हे पडताळायचं. चालकाने ब्रेक लावल्यावर आपल्याला कारण कळलं, तर त्या ठिकाणी खिडकीचा अर्धा भाग हातचा गेला असता. पैसे न खर्च करता करता येण्यासारखा याहून चांगला सराव आम्हाला माहीत नाही.

दुसऱ्या आठवड्यात अधिकृत क्लिप, दिवसाला फक्त सहा. प्रत्येक क्लिप आधी गुणांसाठी एकदा पाहायची, मग थांबवत-थांबवत दुसऱ्यांदा. दुसऱ्या वेळचे गुण लिहायचे नाहीत, ते आठवणीचे असतात. वहीत पाच रकाने: धोका काय होता, त्याची पहिली खूण कोणती, आपला क्लिक कशावर पडला, गुण किती, आणि चुकीचं कारण एका शब्दात. शब्द चारच ठरवले: उशीर, घाई, ठेका, सैल. ‘सैल’ म्हणजे एक धोका टिपल्यावर लक्ष सुटलं. आठवड्याच्या शेवटी पानं उलटली तेव्हा ‘घाई’ आणि ‘ठेका’ जवळजवळ गेलेले होते. ‘उशीर’ टिकून होता, आणि अजूनही पादचाऱ्यांवरच.

त्यासाठी वेगळा इलाज करावा लागला. पादचारी दिसला की चेहऱ्याकडे न पाहता पायांकडे आणि खांद्यांकडे पाहायचं. फुटपाथवर समांतर चालणारा माणूस संभाव्य. त्याचे खांदे रस्त्याकडे वळले, पाऊल काठाच्या दगडाशी आलं, मान उजवीकडे फिरली, की घंटा. मुलांच्या बाबतीत मोठ्या माणसाचा हात धरला आहे की सुटला आहे, ते पाहायचं. सायकलवाल्याची मान मागे वळणं हीच खूण: त्याच्या पुढे उभी गाडी किंवा खड्डा आहे आणि तो बाहेर येणार आहे. बसथांब्यावर शेवटचा माणूस चढला की बसच्या उजव्या इंडिकेटरची वाट पाहायची. या खुणांची घोकंपट्टी करायची गरज नाही. वहीत आपण ज्यावर चुकलो तेवढ्याच उचलायच्या, या परीक्षार्थींच्या बाबतीत त्या चारच निघाल्या.

अंधाराच्या आणि धुक्याच्या क्लिपवर मात्र सगळ्यांनीच वेगळा सराव करावा असं आमचं ठाम मत आहे. तिथे वस्तूच्या आधी उजेड दिसतो. वळणापलीकडच्या झुडपांवर पडणारा झोत म्हणजे समोरून गाडी येते आहे. ओल्या रस्त्यावर ब्रेकच्या दिव्यांचं लाल प्रतिबिंब दिव्यांच्या आधी नजरेत येतं. गाडी नीट दिसेपर्यंत थांबलात तर दोन-तीन गुण गेलेच.

तिसऱ्या आठवड्यात पूर्ण सराव परीक्षा, आणि त्याही लॅपटॉपला माउस लावून. मोबाइलच्या पडद्यावर बोट टेकवण्याची सवय झालेला हात माउसवर गोंधळतो: कधी बटण दाबलंच जात नाही, कधी दोनदा दाबलं जातं. तर्जनी बटणावर टेकलेली, मनगट टेबलावर. क्लिकची नोंद झाली की पडद्याच्या खालच्या बाजूला छोटं लाल निशाण उमटतं. सुरुवातीला नजर तिकडे जाते आणि रस्त्यावरून सुटते. निशाण ‘ऐकायचं’, पाहायचं नाही, असं परीक्षार्थींनी स्वतःला सांगून ठेवलं: डोळ्याच्या कोपऱ्यात जाणवलं तरी पुरे.

आणखी एक गोष्ट या आठवड्यातच लक्षात आली. हॅझर्ड परसेप्शन परीक्षेत दुसरी असते. तिच्या आधी 50 प्रश्नांना 57 मिनिटं, मग हवी असल्यास जास्तीत जास्त तीन मिनिटांची विश्रांती, मग या क्लिप. ताज्या डोळ्यांनी केलेल्या सरावात 52 येत होते, प्रश्नांचा पूर्ण भाग सोडवून लगेच केलेल्यात 45. सातचा हा फरक थकव्याचा होता. त्यानंतरचे सगळे सराव प्रश्नांसकट केले. ती तीन मिनिटं न सोडता डोळे मिटून बसायची, हेही तेव्हाच ठरलं. पहिल्या खेपेला त्यांनी ती घेतली नव्हती.

फुकट मिळणाऱ्या इतर अ‍ॅपबद्दल एवढंच: सरावाला चालतील, मोजमापाला नाही. त्यांच्या खिडक्या कधी फार सैल असतात, कधी फार आखूड, आणि त्यांवर 70 मिळाले म्हणून निर्धास्त झालेला माणूस परीक्षेत अडखळतो. यूट्यूबवरच्या क्लिप पाठ करण्यातही अर्थ नाही, परीक्षेत त्या येत नाहीत. पाठांतर बहुपर्यायी भागाला थोडंफार साथ देतं, इथे काहीच नाही.

दुसरी खेप

केंद्रावर प्रोव्हिजनल लायसन्सचं फोटोकार्ड लागतं. ते विसरलात तर परीक्षा देऊ देत नाहीत आणि पैसेही जातात. फोन, घड्याळ, पिशवी लॉकरमध्ये, खिसे तपासून आत. क्लिप सुरू होण्याआधी पद्धत समजावणारी चित्रफीत दाखवतात. ती माहीत असली तरी पाहावी, कारण तेवढ्यात माउसचं बटण हाताच्या ओळखीचं होतं.

परीक्षार्थींनी प्रश्नांचा भाग लवकर संपवला, खूण करून ठेवलेले चार प्रश्न पुन्हा पाहिले आणि तीन मिनिटं डोळे मिटले. चौदा क्लिपमध्ये एकदाच हात अवघडला: दुकानांचा गजबजलेला रस्ता, पहिल्या सरावात घात झाला होता तसाच. तिथे त्यांनी ठरवल्याप्रमाणे बोट बटणावरून उचलून हवेत धरलं. झेब्रावर बाबागाडीचं पुढचं चाक काठावरून उतरलं तेव्हाच ते खाली आलं. दोन क्लिक, बस्स. धोका टिपल्यावरही प्रत्येक क्लिप संपेपर्यंत मनातलं बोलणं चालू ठेवलं, म्हणून दोन धोक्यांच्या क्लिपमधला दुसरा धोका, निसरड्या चढावर थांबलेली कचऱ्याची गाडी, हातचा सुटला नाही.

प्रश्नांत 47, हॅझर्ड परसेप्शनमध्ये 54. निकालाचा क्रमांक दोन वर्षं चालतो आणि प्रत्यक्ष ड्रायव्हिंग टेस्ट त्या मुदतीत पास व्हावी लागते, नाहीतर थिअरी पुन्हा. परीक्षार्थींनी तारखेची चौकशी त्याच संध्याकाळी सुरू केली, कारण भारतीय लायसन्सचे चार महिने आणि काही दिवसच शिल्लक होते. वहीतलं शेवटचं पान त्यांनी शिकवणाऱ्या इन्स्ट्रक्टरसाठी काढून ठेवलं. त्यावर ‘उशीर’ हा शब्द अजून तीन वेळा होता, तिन्ही वेळा झेब्राच्या पुढे, आणि पहिल्या तासाला गाडी कुठे न्यायची ते त्यावरूनच ठरलं.